चपला शोधू नका

नलूताई अनवाणी गेल्या, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. मेहकरच्या त्यांच्या घरासमोर भाचा गाडी सुरू करून उभा होता आणि दारात चपला सापडत नव्हत्या. सकाळपासून छातीत दुखत होतं, पण छोट्या सानूची बापाशी ठरलेली भेट उरकल्याशिवाय बाई दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. सानू नुकतीच आईसोबत गेली होती. मी पलंगाखाली, दारामागं शोधायला लागलो, तर मलाच दटावलं, "राहू द्या हो भाऊ. मी जाणार हे ऐकलं न तिनं, लपवल्या असतील. शोधू नका. मन झालं की आणून ठेवते ते." आणि वर हसत होत्या! मी चिडलो, "ताई, ही काय खेळायची वेळ आहे?" त्या भाच्याच्या खांद्याला धरून तशाच गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी कोर्टात चहा पीत होतो तेव्हा भाच्याचा फोन आला... मी त्याच्यावरच खेकसलो. बुधवारी आमची तारीख होती. अशी कशी जाईल ही बाई?

मी त्यांचा सहकारी नव्हतो, विरोधी वकील होतो. मुलांच्या ताब्याचं प्रकरण आलं की बहुतेक वेळा आई त्यांच्याकडं असायची आणि बाप माझ्याकडं. सानूच्या प्रकरणातही तसंच. रेखा नवऱ्याचं घर सोडून सुलतानपूरला माहेरी आलेली, शिवणकाम करणारी. वकील लावायची तिची ऐपत नव्हती, तेव्हा विधी सेवेतून तिला नलूताई मिळाल्या. संदीप धामणगाव बढ्याचा, कृषी केंद्रात कामाला, तो माझा पक्षकार. कोर्टानं पोरगी आईजवळ ठेवली आणि बापाला एक आड एक शनिवारी कोर्टाच्या आवारात भेट दिली. पहिल्याच भेटीत पोरीचा एक हात आईनं धरलेला, दुसरा बापानं. दोघं ओढताहेत, आणि तीन वर्षांचं ते लेकरू मधल्या मधे ओलं झालं. "सोडा! दोघंबी सोडा!" नलूताईंच्या ओरडण्यानं अख्खं आवार थबकलं. पुढच्या तारखेला त्यांनी अर्ज दिला की भेट रविवारी त्यांच्याच घरी ठेवावी. मी कडाडून हरकत घेतली. विरोधी वकिलाच्या घरी? माझ्या पक्षकारानं भरवसा कुणावर ठेवायचा? त्या जज साहेबांसमोरच माझ्याकडं वळल्या, "मंग भाऊ, तुमी बी येत जा. पोहे खा अन् माह्यावर नजर ठेवा." साहेब हसले, आदेश झाला आणि माझे रविवार पाण्यात गेले.

त्यांच्या घरी एकच नियम होता. लेकराला कोणी उचलायचं नाही, ओढायचं नाही, 'चाल चाल' म्हणायचं नाही. ते आपली चप्पल आपण घालेल, तेव्हाच निघायचं. तोवर रेखा, संदीप आणि मी चटईवर बसायचो, एकमेकांची तोंडं बघत. पोहे संपायचे, चहा संपायचा, सानू आपली भांड्यांशी खेळतेय. मी कुरकुरायचो, "ताई, हे कायद्यात कुठं आहे?" त्या म्हणायच्या, "नाही न. म्हणून त घरी करून राह्यली."

सानू पाच वर्षांची झाली त्या रविवारी संदीपनं कहर केला. 'पाच वर्षं आईची, मंग बापाची' असं गावात कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. मला, त्याच्या वकिलाला, एक शब्द न विचारता गडी केक आणि जीपभर नातेवाईक घेऊन हजर! पोरगी कायमची न्यायला आलो म्हणे. रेखा पांढरीफटक पडली. नलूताईंनी सगळ्यांना आत घेतलं, केक कापू दिला आणि चहा ठेवला. सानूनं ती गर्दी पाहिली, गुपचूप आपल्या चपला उचलल्या आणि कुठंतरी लपवून आली. झालं! संदीपचा काका शोधायला उठला तर ताईंनी त्याला नुसत्या नजरेनं खाली बसवलं. "शोधू नका." दुपार कलली. कंटाळून एकेक नातेवाईक जीपमध्ये जाऊन बसला, शेवटी जीपही गेली. संदीप एकटा उरला. मग ताई त्याच्याजवळ बसल्या, "बाबू, पाच वर्षं झाले म्हणून लेकरू आपोआप कोणाचंच होत नसते. तिचं भलं कुठं आहे, हे कोर्ट पाह्यते. तू येत राह्य. ते तुले ओयखते, तुही वाट पाह्यते." तो बायकोसमोर ढसाढसा रडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सानूनं धान्याच्या कोठीमागून चपला काढल्या, घातल्या आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आली.

अलीकडं ताई फार थकल्या होत्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, लोकायले ताबा म्हंजे वावर वाटते. मोजणी केली, मधात बांधाचा धुरा टाकला, झालं. लेकरात धुरा कुठं टाकता?" मीही थकलोच होतो, फक्त त्यांच्यासारखं कबूल करत नव्हतो.

फायली आवरायच्या म्हणून भाच्यानं किल्ली माझ्याकडं दिली. भेटीचा रविवार आला. कोर्ट नवी जागा ठरवेपर्यंत भेट थांबवा, असं मी दोघांनाही फोनवर सांगितलं होतं. जाऊन बघतो तर तिघंही ओट्यावर! माझं डोकंच फिरलं, "मी काय इथं लेकरं सांभाळायला बसलो का?" रेखा म्हणाली, "मंग कुठं जाव साहेब?" संदीपनं मान खाली घातली. शिव्या घालत घालत मी कुलूप उघडलं. चहा केला, तो कडू झाला, सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला. 'चाल' कोणीच म्हटलं नाही.

सानू आत गेली. कोठीमागून ताईंच्या तपकिरी चपला घेऊन आली, फ्रॉकनं धूळ पुसली आणि उंबऱ्याशी नीट जोडीनं ठेवल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून.

"काऊन ठेवल्या व सानू?" मी विचारलं.

"आजी तशीच गेली न," ती म्हणाली. "उन्हात पाय पोयत असतील तिचे."

मग तिनं आपल्या चपला आपण घातल्या आणि दारात उभी राहिली. नियमाप्रमाणं आता निघायचं होतं. चटईवरून आम्हा तिघांपैकी कोणालाच उठता येईना.