चौदा नंबरचं बोअरहोल

चौदा नंबरच्या बोअरहोलमध्ये सोनं होतं आणि आजूबाजूच्या एकाही बोअरहोलमध्ये नव्हतं. खाण आफ्रिकेतल्या वाळवंटात, आमचं ऑफिस ठाण्यात, घोडबंदर रोडला. मी जिऑलॉजिस्ट. जमिनीत किती सोनं उरलंय आणि खाण किती वर्षं चालेल, हे सांगणं माझं काम.

एक टन दगडात किती ग्रॅम सोनं, त्याला ग्रेड म्हणतात. बोअरहोलमधून काढलेल्या नमुन्यात एखादा सोन्याचा खडा आला की ग्रेड उगाच फुगते. म्हणून असा आकडा आम्ही छाटतो. त्याला टॉप-कट म्हणायचं. ट्रेनी मुलंसुद्धा हे विसरत नाहीत. मी विसरले नव्हते, चौदा नंबरच्या वेळी मी मुद्दाम टाळलं.

कारण खाणीभोवती वसलेलं ते गाव. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं सहा केबिन आणि एक जनरेटर होता. मग रस्ता झाला, शाळा झाली, न्हाव्याची तीन दुकानं झाली. वर्षातले आठ महिने मी तिथंच असायचे. संध्याकाळी वाळू निवली की अख्खं गाव खुर्च्या घेऊन दाराबाहेर बसायचं. ठाण्यात माझ्या मजल्यावर कोण राहतं, हे मला अजून नीट माहीत नाही.

विलास तिथली मेस चालवायचा. मूळचा आपल्या इकडचा, मोहन्याचा. वडील कामाला होते तो कारखाना बंद पडला तेव्हा तो नववीत होता. खाणीत किती सोनं उरलंय त्याचा रिपोर्ट द्यायच्या आधीच्या फेरीत त्याने मला गाठलं.

"ताई, मोहन्याची खोली विकून बायकोला, पोरीला इकडे आणतोय. खाण चालेल ना? परत तसंच नको व्हायला."

चौदा नंबर छाटला तर दीड वर्षात गाशा गुंडाळावा लागणार, हे मला दिसत होतं. रिपोर्ट बाहेर पडेपर्यंत बोलायला बंदी होती, पण 'जरा थांब' एवढं म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "आण की."

मग ते खरं व्हावं म्हणून चौदा नंबरला हात लावला नाही. आमच्या देसाई सरांनी टॉप-कटबद्दल विचारलं. सोन्याची शीर तिथून वळत असेल, आणखी ड्रिलिंग करून बघू, असं मी सांगितलं. इतक्या वर्षांत माझा आकडा चुकला नव्हता. त्यांनी सही केली.

ड्रिलिंग झालं. शीरबीर काही नव्हती. तो रिपोर्टही मीच लिहिला. खाण बंद झाली. आधी शाळा गेली, मग न्हावी गेले, मग पत्रे काढून नेले. अजूनही जेवणाच्या सुट्टीत मी सॅटेलाइटचा फोटो उघडते. दर वेळी थोडं गाव वाळूखाली गेलेलं असतं. मला त्याची फार आठवण येते, आणि ते ऐकून घेईल असं ठाण्यात कुणी नाही.

देसाई सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून सोन्याचा अंदाज बांधायचं काम काढून घेतलं. बरोबरच केलं.

विलास आता टिटवाळ्याला भाड्याने राहतो, डबे पुरवतो. मोहन्याला परत खोली घेणं काही जमलं नाही. मी त्याच्याकडे गेले. टॉप-कट म्हणजे काय ते समजावलं, मी काय केलं तेही सांगितलं. त्याच्या बायकोने चहा ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "तुम्हाला गाव पाहिजे होतं. मला घर पाहिजे होतं."

ऑफिसात नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगते: जिथं जीव गुंतलाय, तिथला हिशोब दुसऱ्याला करू द्या.