थुंकीचा रिपोर्ट

मी गावची आशाताई. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलाला लागून आमचं गाव, आणि गावात खर्रा न खाणारा माणूस शोधावा लागतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. माझी मावशी तर मोहाची फुलं वेचतानाही तो गालात धरून असायची. तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडला, तिखट सोसेना, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. मी म्हटलं, चंद्रपूरला चल, तिथे तुकडा काढून तपासतात.

"तुकडा काढला का रोग पसरते," ती म्हणाली. "मले नाई कापून घ्याचं."

त्याच सुमारास शहरातून संशोधनवाले आले. नुसत्या थुंकीतून कॅन्सरची खूण सापडते का, हे त्यांना पाहायचं होतं. ना सुई, ना कात्री. मावशी लगेच तयार झाली. मला वाटलं, देवच पावला.

त्यांच्यातल्या साहेबांनी मला एवढंच सांगितलं, "तासभर आधी काही खायचं नाही, खर्रा नाही." बाकीच्या सूचना इंग्रजी कागदावर होत्या. तो कागद माझ्या हातात कोंबून ते गाडीला टेकले आणि मोबाइल पाहत राहिले.

आता आमच्याकडची रीत ऐका. पाहुण्याच्या हातात आपलं उष्टं द्यायचं नसतं, मग थुंकी कशी द्यायची? अंगणवाडीच्या ओट्यावर प्रत्येकीने आधी राखुंडीने दात घासले, खळाखळा चुळा भरल्या आणि मग सगळ्या लाजत, पदराआडून नळीत थुंकल्या. मावशीला तांब्या मीच भरून दिला. साहेब समोरच होते, पण एका शब्दाने बोलले नाहीत.

रिपोर्ट आला नाही. फोन केला की "येईल" म्हणायचे. मावशी म्हणायची, "खराब असतं तर कळवलं नसतं का त्याईनं? चांगलं असन म्हून चुप आहेत." मीही मान डोलवायची. याचा मला आजही स्वतःचा संताप येतो. रोवणी झाली, धान कापायला आलं, तेव्हा तिच्या तोंडात एक बोटही जाईना आणि मानेत गाठ हाताला लागू लागली.

शेवटी त्यांच्याकडच्या एक बाई फोनवर आल्या. "तुमच्या गावचे नमुने बाद झाले. पाणी मिसळलं होतं. चूळ भरू नये, असं कागदावर लिहिलं होतं ना?"

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"बाद नमुन्यांचा रिपोर्ट नसतो."

अंगाची लाही लाही झाली. चोर ते चोर, वर शिरजोर! थुंकी बाद झाली म्हणून बायकाही बाद? मी तोंडाला येईल ते बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

चंद्रपूरला तुकडा काढावाच लागला. नंतर जबड्याचा भागही काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मावशीला सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल, त्यांना नाहीतर मला. पदराचं टोक चाळवत ती मिटल्या दातांतून म्हणाली, "माही थुंक घान होती का व बाई, म्हून त्याईनं नाई सांगतलं?"