मुक्या कॅमेऱ्यावरची झाकरी

माझी बायको गेली. भेटायला येणारे म्हणतात, तिच्याबद्दल काहीतरी सांगा. काय सांगू? शाळा मी फार केली नाही. चांगली होती, कष्टाळू होती, हे सगळेच आपल्या मेलेल्या बायकोबद्दल सांगतात. त्यातून काही कळत नाही. तिने एक फिल्म केली होती. ती कशी केली तेवढं मला नीट आठवतं, तर तेच लिहितो.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं होती ती, त्या दशकाच्या शेवटची. आम्ही आमच्या बेटावरच्या सुरिनाम गावात राहायचो, त्या नावाचा देश वेगळा. मी साखर कारखान्यात यंत्रांना तेल घालायचो, ती घरी ब्लाऊज नि फ्रॉक शिवायची. तिचे वडील आमच्याच गल्लीत. ते गणपतीत झाकरी गायचे. कोकणात हिला जाखडी म्हणतात असं ऐकलंय, आम्ही झाकरीच म्हणतो. मधे गाणारा नि ढोलकीवाला बसतो, भोवती पायात घुंगरू बांधून पुरुष नाचतात. गाणारा एक ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ उचलून परत म्हणतात. त्याला झील धरणं म्हणतात. जुनी गाणी सगळी फक्त सासऱ्यांनाच येत होती. लिहून कुठे ठेवली नव्हती, त्यांना लिहिताच येत नव्हतं.

त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, कापावं लागेल, माणूस जगेल पण आवाज राहणार नाही. सासरे म्हणाले, "गणपती होऊ दे. मग काय कापायचं ते कापा."

त्या दिवशी घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, बाबांची झाकरी धरून ठेवायची."

"मग टेप कर. आपला कॅसेटवाला टेप आहे की."

"टेपवर पाय दिसतात का?"

झाकरीत पाय दिसले नाहीत तर उरलं काय?

बेटावरच्याच माएबूर्ग गावात एक फोटोवाला होता, चिनी. परत जाणारे परदेशी लोक त्याला आपलं सामान विकायचे, ते तो पुसून काचेत मांडायचा. बसने गेलो तिघं. मी, ती नि माझा मेहुणा. मेहुणा सरकारी कचेरीत होता, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळायचं असं त्याला वाटायचं.

आवाजासकट चित्र घेणारा एक कॅमेरा होता. किंमत ऐकली नि आम्ही त्याच्याकडे परत बघितलंसुद्धा नाही. मुके कॅमेरे दोन होते. एकाला लांब नळी, काळा, चकचकीत. दुसरा साध्या डब्यासारखा, पण पुढची काच मोठी.

"भावजी, हा नळीवाला घ्या," मेहुणा म्हणाला. "लांबचं जवळ येतं."

"बाबा कुठे लांब जाणारेत?" बायको म्हणाली. "चार पावलं पुढे गेलं की आलं जवळ." मग तिने दुकानदाराला क्रेओलमधे, म्हणजे बेटावरच्या बोलीत विचारलं, मंडपाखाली सावली असते, त्यात कुठला चालेल? त्याने डब्यावर बोट ठेवलं. मोठी काच जास्त उजेड घेते म्हणाला.

"मुका कॅमेरा!" मेहुणा हसला. "बाबा नुसते माशासारखे तोंड उघडणार नि मिटणार."

"आवाज टेपवर घेऊ. दोन्ही एकदम लावू."

"आयो, ताई! चित्र एकीकडे जाईल, गाणं दुसरीकडे."

"गेलं तर ओढून आणू."

म्हणूनच तिने प्रोजेक्टर निवडला तोही तसाच. जुना, जड, रंग उडालेला, पण त्याला वेग कमीजास्त करायचं चाक होतं. नव्या दिसणाऱ्याला नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ मात्र तिने फिल्म जोडायच्या यंत्रावर घालवला. हाताएवढंच असतं ते. एक गोंदाने जोडणारं, स्वस्त. दुसरं चिकटपट्टीने जोडणारं. गोंदाने जोडलेलं सोडवायचं तर फिल्मचा तुकडा वाया जातो. चिकटपट्टी काढून परत लावता येते, पण ती पट्टी सारखी विकत घ्यावी लागते.

"मला उसवता येणारं पाहिजे," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला कुठलं शिवण बरोबर बसतं?"

ते महागडं घेतलं. मग फिल्मच्या डब्या कमी घ्याव्या लागल्या, नि घोटाळा तिथेच झाला. एक डबी तीनेक मिनिटं चालते. झाकरीचं एक गाणं डब्याच्या डब्या खाईल. तेव्हा तिघांनी मिळून ठरवलं की बाबा ओळ म्हणतील तेव्हा कॅमेरा चालू, झील सुरू झाली की बंद. तीच ओळ तर परत असते, दोनदा कशाला घ्यायची? आम्हाला ते फार हुशारीचं वाटलं.

गणपतीत मी कॅमेरा घेऊन मंडपात शिरलो. बायकांना त्या घोळक्यात जागा नसे, ती ओसरीवरून हात करायची, चालू, बंद, चालू, बंद. सासऱ्यांचा आवाज बसका झाला होता, पण पाय बसल्या जागीसुद्धा ठेक्यावर होते. टेप सगळा वेळ चालू होता.

फिल्म धुवायला परदेशी पाठवावी लागायची. ती परत येईपर्यंत सासऱ्यांचा गळा कापून झाला होता. घरी आले ते हातांनी बोलत.

भिंतीवर चादर बांधली. एकीकडे प्रोजेक्टर, एकीकडे टेप. पहिली ओळ बरोबर आली. मग टेपवर झील सुरू झाली नि चित्रात बाबा लगेच दुसरी ओळ म्हणायला लागले. तिथून पुढे सगळं चुकत गेलं. टेपवर पुरुषांचा गलका, चित्रात बाबा एकटे. टेपवर बाबा, तेव्हा चित्र संपलेलं, नुसती पांढरी चादर. सासऱ्यांनी थोडा वेळ बघितलं. मग उठले नि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

"मी म्हटलं नव्हतं?" मेहुणा म्हणाला.

"म्हटलं होतंस. आता घरी जा," बायको म्हणाली.

काही दिवस ती नुसतं शिवणाचं मशीन मारत होती. मग एका दुपारी म्हणाली, "झिलीच्या जागा रिकाम्या आहेत, त्या भरायच्या. बाबांच्या ओळीला बाबा. झिलीला दुसरं चित्र."

मी गेलो नाचणाऱ्यांकडे. म्हटलं, घुंगरू बांधा, अंगणात थोडं नाचा, मी चित्र घेतो. ते म्हणाले, गणपती बसल्याशिवाय घुंगरू निघत नाहीत. खरं होतं, आमच्यात तशी रीतच आहे. पुढच्या गणपतीपर्यंत सासरे राहतील याची कोणाला खात्री नव्हती.

मग तिने गल्लीतल्या बायका बोलावल्या. मेहुणा कपाळाला हात लावून म्हणाला, "बायकांची तोंडं नि पुरुषांचे आवाज! लोक तमाशा म्हणून बघायला येतील."

"तोंडं घेणारच नाही. हात घ्यायचे," ती म्हणाली. "टाळ्या."

अंगणात चटईवर बसल्या सगळ्या. टेप लावला. झील आली की टाळ्या. सासरे खुर्चीवर होते. कोणी ठेका चुकवला की ते मांडीवर जोरात थाप मारायचे नि डोळे वटारायचे. त्यांची थापही मी घेतली. हातांच्या त्या रांगेत हिरव्या बांगड्यांचे हात माझ्या बायकोचे. तिचं हलणारं चित्र माझ्यापाशी तेवढंच आहे. चेहरा का घेतला नाहीस म्हणून कोणी विचारू नये. तेव्हा तिला हात पाहिजे होते.

ती फिल्मही परदेशी धुऊन आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर काम मांडलं. हाताने फिरवायचं छोटं बघायचं यंत्र होतं, त्यात एकेक चित्र पुढे सरकवायची. टेपवर झील किती लांब चालते ते प्रोजेक्टरवर फिल्म पळवून बघायची, खूण करायची, नि शिवणाच्या फितीने मोजून तेवढा तुकडा कापायची. तुकडे कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगलेले. मी जेवायला बसलो की डोक्यावर सासऱ्यांचे पाय लोंबत असायचे. मी तक्रार केली. ती म्हणाली, "वाकून जेवा."

जोडून झालं तेव्हा परत चादर बांधली. मी चाकावर बोट ठेवून बसलो. चित्र पुढे गेलं की वेग कमी करायचा, मागे पडलं की वाढवायचा. सासऱ्यांची ओळ, टाळ्या, सासऱ्यांची ओळ, टाळ्या. गाणं चालू लागलं. सासरे मांडीवर ठेका धरून बघत होते. मधेच त्यांनी हात वर केला. मी थांबवलं. त्यांनी बोटांची चिमूट करून दाखवली, एवढंसं उशिरा येतंय.

"बघू," ती म्हणाली, नि तिथेच बसून पट्टी उसवली. थोडा तुकडा काढला, परत जोडलं. परत लावलं. परत हात वर. परत उसवलं. मला कंटाळा आला होता, त्या दोघांना नाही. अखेर गाणं शेवटपर्यंत गेलं नि हात वर झाला नाही. मी दिवा लावायला उठलो, तर त्यांनी बोट गोल फिरवलं. परत लाव.

पुढच्या गणपतीच्या आधीच ते गेले.

गणपतीत मंडळाच्या हॉलमधे ती फिल्म दाखवायची ठरली. मेहुण्यानेच ठरवलं, तोंडाने काही कबूल केलं नाही. बायका मागे, पुरुष पुढे. गाणारा दुसरा कोणी उरला नव्हता, म्हणून नाचणारे बाहेर घुंगरू बांधून नुसते उभे होते. ते दारात येऊन बघायला लागले. चादरीवर सासरे आले, पहिली ओळ म्हणाले. टेपवरची झील बारीक ऐकू येत होती, खोक्यातल्यासारखी. ती हॉलमधल्या पुरुषांनी उचलली. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या ओळीला दारातले पाय वाजायला लागले. माझं चित्र मागे पडायला लागलं, कारण माणसं टेपपेक्षा भरभर चालली होती. मी टेप बंद करायला सांगणार होतो, पण मग सासऱ्यांचा आवाज गेला असता, म्हणून चाकच पुढे लोटत राहिलो.

तिसऱ्या ओळीच्या झिलीला मागून एका बाईचा आवाज आला. मोठा, उघडा. आमच्यात तोवर बाईने झील धरलेली मी ऐकली नव्हती. पुढच्या पुरुषांपैकी दोघातिघांनी मागे वळून बघितलं नि परत पुढे तोंड करून गायला लागले. मला वळता आलं नाही. बोट चाकावर होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचा आवाज माणसाला कळतो.