फक्त तेवढीच फाइल

अकरा वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा नोकरीला लागले, तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. मधली वर्षं सासूबाईंच्या आजारपणात आणि मुलीच्या शाळेत गेली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत कारखान्यातल्या मशिनच्या कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर तयार व्हायचं.

पहिल्या दिवशी मला एक कमांड लिहून दिली. ती चालवली की आधीचं सगळं पुसून हजारो फाइली पहिल्यापासून कंपाइल व्हायच्या, म्हणजे आमचा कोड मशिनला कळेल अशा रूपात बदलायचा. या पूर्ण बिल्डला पन्नास मिनिटं लागायची. माझा एक सेमिकोलन राहिला असला, तर तेही कधीकधी पंचेचाळिसाव्या मिनिटाला कळायचं. दुरुस्त केलं की पुन्हा पन्नास मिनिटं. चूकच व्हायला नको म्हणून मी कोड आधी वहीत लिहायची आणि ओळीवर बोट ठेवून तपासायची. बाकीचे एवढं झपाझप कसं उरकतात, कळायचं नाही. विचारायची लाज वाटे. आपलंच डोकं गंजलं, अशी माझी खात्री झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात, मागच्या टेबलावर बसणाऱ्या, टीममधल्या सगळ्यांत जुन्या मॅडम माझ्या खुर्चीशी येऊन थांबल्या.

"किती फाइली बदलल्यात?"

"एकच. एकच ओळ."

"मग सगळं कशाला कंपाइल करताय?"

पहिल्या दिवशी लिहून दिलेली कमांड मी दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली, चालू बिल्ड थांबवला आणि कमांडपुढे फक्त माझ्या फाइलीचं नाव टाकलं. चार सेकंदांत चूक स्क्रीनवर. मी ती सुधारली. आणखी चार सेकंदांत फाइल पास.

"हे कुणी सांगितलं नाही मला," मी म्हटलं.

"सांगायला हवं होतं. तुम्ही शांत बसायचात, आम्हाला वाटलं, येत असेल." मग हळूच म्हणाल्या, "बाळंतपणानंतर परत आले तेव्हा मीही महिनाभर कुणाला काही विचारलं नव्हतं."

त्या दुपारी मी सतरा चुका केल्या आणि सतराही सुधारल्या. वही बॅगेत गेली.

पुढच्या आठवड्यात मात्र मी घात केला. एका फंक्शनला, म्हणजे कोडच्या पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या एका तुकड्याला, मी एक जास्तीची किंमत घ्यायला लावली. त्याची घोषणा हेडरमध्ये, म्हणजे अनेक फाइलींना सामाईक असलेल्या फाइलमध्ये होती, तीही बदलली. माझी फाइल एकटी कंपाइल करून पाहिली, पास झाली, आणि मी बदल सगळ्यांच्या कोडमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचाच बिल्ड होईना. तेच फंक्शन आणखी चौदा फाइली जुन्या पद्धतीने, त्या जास्तीच्या किंमतीशिवाय वापरत होत्या.

कुणी कुणाचं नाव घ्यायच्या आत मी उभी राहिले. "माझ्यामुळे झालंय. दुपारपर्यंत नीट करते."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "चला, आता तुम्ही टीममध्ये आलात." सगळे हसले, मीही.

मॅडमनी सात फाइली घेतल्या, मी सात. एकेक उघडायची, दुरुस्त करायची, तेवढीच कंपाइल करून पाहायची. साडेबाराला पूर्ण बिल्ड लावला. तो संपेपर्यंत मी जागेवरून हलले नाही.

बिल्ड पास झाला. जेवून आल्यावर मी नव्या माणसांसाठी एकच फाइल कंपाइल करायच्या त्या कमांडची साध्या मराठीत एक नोंद लिहिली आणि टीमच्या फोल्डरमध्ये ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर मॅडमनी खाली एक ओळ वाढवली होती: हेडरला हात लावलात, तर पूर्ण बिल्ड केल्याशिवाय घरी जाऊ नका.