जुन्या आवृत्तीची निरोपपत्रिका

माझा दोस्त बाळाराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या माझ्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेवरची तिथी बघत होतो. तिथी त्याच्याच कोडनं काढलेली... गडी निघून गेला, पंचांग मात्र माझ्या पडद्यावर बसवून गेला.

तारीख दिली की तिथी सांगणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्यानं लिहिली होती. कुणीही फुकट घ्यावी, आपल्या प्रोग्रॅमला जोडावी. ती कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहिली होती, तिच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. पण बाळाराम जुन्या आवृत्तीचा सपोर्ट काही सोडेना. प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची, दोनदा तपासायची. कारण अस्मादिक. माझ्या खटाऱ्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चालत नव्हती आणि मी तो बदलत नव्हतो. "चालतोय ना रं? मग?" हे माझं ब्रह्मवाक्य. कशेळ्याचा एक पत्रिकावाला, खोपोलीचे एक गुरुजी... सगळे माझ्याच वाणाचे.

मग त्याचं जुनं दुखणं बळावलं. त्याला कोडमध्ये मदत करणारी शेलूची केतकी एकदा त्याच्या उशाशी बसून सरळ म्हणाली, "काका, तुमच्यामागं मी सांभाळीन, पण एकच आवृत्ती. दोन चुली माझ्याच्यानं नाही व्हायच्या."

जरा बरं वाटताच तो छापखान्यात हजर. "पत्रिका छाप. जुन्या आवृत्तीची पाठवणी हाय."

"इंटरनेटवर एक ओळ टाक की."

"तू वाचनार हायस का ती? आमंत्रण घरी जाऊन द्यायचं असतं रं."

मी थाटात छापली, वर गणपतीसकट. काठी टेकत, जीपनं तो कशेळ्याला गेला, मग खोपोलीला. हातावर अक्षता ठेवायच्या, पत्रिका द्यायची आणि चहा होईपर्यंत त्यांचा कॉम्प्युटर नव्या आवृत्तीवर आणून सोडायचा. सगळ्यात शेवटी माझी पाळी. अक्षता देऊन म्हणाला, "यजमान, आता तरी उठा." मी नाटकातल्या राजासारखा सिंहासनावरून पायउतार झालो. त्यानं पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून माझ्या टेबलावर मांडला.

"आणि तू कशावर लिहिणार?"

"केतकी हाय की," तो म्हणाला... आणि पत्रिकांचे गठ्ठे उगाच सारखे करत बसला.

त्याच लॅपटॉपवर हे लिहितोय. परवा केतकी आली. तेव्हाची नवी आवृत्ती आता जुनी झाली म्हणे. पत्रिका छापायची होती.

"चालतोय ना गं? मग?" मी लॅपटॉपवर हात ठेवून म्हटलं.

तिनं पर्समधून अक्षतांची पुडी काढली.