धुतलेल्या मांसाचं पाणी

माझी थोरली जाऊ बुरुल ही आमच्या गावातली सगळ्यात घाबरट बाई. मी तिला एजे म्हणते, ताई म्हणावं तसं. एजे विजेला घाबरते, सरोवराच्या खोल पाण्याला घाबरते, घोड्यावरून येणाऱ्या अनोळखी माणसाला घाबरते, आणि सगळ्यात जास्त घाबरते ती नवऱ्याच्या गरुडाला. लग्न होऊन आली त्या दिवशी डोक्याला पांढरा रुमाल बांधून तिला अंगणातून आत नेत होते. तेव्हाचा गरुड वेगळा होता, पण गरुड तो गरुडच. त्याने पंख झाडले आणि नवी नवरी किंचाळून सासऱ्यांच्या अंगावर पडली. गाव अजून हसतं. मीही पुष्कळ हसले आहे.

आमच्यात थोरल्या दिराचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, म्हणून मी एजेच्या नवऱ्याला थोरले म्हणते. थोरले गरुड घेऊन कोल्ह्याच्या शिकारीला जातात. त्यांचे वडील जात, आजोबा जात. सध्याचं पाखरू मादी आहे, जमिनीवर उभी राहिली तर माझ्या कमरेला लागेल एवढी. बायकोशी थोरले दिवसातून चार शब्द बोलतील, पण हिच्याशी तास तास कुजबुजत बसतील. म्हणून एजे तिला सवत म्हणते. "आधी सवतीला वाढा," म्हणते, "माझं काय, मी चूल फुंकून पोट भरते."

शिकारीचा हंगाम जवळ आला की सवतीला धुतलेलं मांस द्यायचं. मांसाचे काप पाण्यात भिजवायचे, पिळायचे, पुन्हा भिजवायचे, पांढरेफटक पडेपर्यंत. पोट भरतं पण अंगी लागत नाही. गरुड भुकेने तल्लख राहतो आणि हातावरून सोडला की सरळ कोल्ह्यावर जातो. हे धुण्याचं काम बायकांचं. एजेने ते इतकी वर्षं केलं, थरथरत्या हातांनी, सवतीकडे पाठ न करता. उरलेलं लाल पाणी ती कुंपणाच्या कोपऱ्यात ओतून द्यायची.

आणि मग उच्कुन. उच्कुन म्हणजे ठिणगी. आमच्या डोंगरातला तायगान जातीचा शिकारी कुत्रा, लांब पायांचा, कोल्ह्याच्या रंगाचा. पिल्लू असताना त्याची आई मेली, तेव्हा एजेने त्याला बोटाने दूध चाटवलं आणि स्वतःच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात निजवलं. कुत्र्याला कोणी घरात घेतं का? ती घेत होती. पण जनावर कसलं, नुसता वारा! थोरल्यांच्या घोड्याबरोबर डोंगर चढून यायचा आणि आल्यावर दम खाण्याऐवजी कावळ्यांच्या मागे लागायचा. कावळे संपले की माझ्या कोंबड्या. दुसऱ्या वर्षी उंची वाढली, पळणंही वाढलं, अंगावर मात्र काही राहिलं नाही. पाठीचा कणा खोगिराच्या कडेसारखा वर आला.

थोरल्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांचा म्हातारा कुत्रा त्या उन्हाळ्यात गेला होता, म्हणजे पहिला बर्फ पडला की खडकांतून कोल्हा उठवायला उच्कुनच जाणार. "शिकारीचं जनावर भुकेलंच हवं," ते म्हणायचे. "जाडा कुत्रा चुलीपाशी लोळतो." असं म्हणून सवतीचं उरलेलं पांढरं मांस त्याच्यापुढे टाकायचे. अहो, सवत दिवसभर खुंटीवर बसून असते. हा दिवसभर धावतो. दोघांना एकच नियम कसा लागेल? पण थोरल्या दिराला हे कोणी सांगायचं!

एके दिवशी दुपारी एजे धावत माझ्याकडे आली. हातात दुधाचं रिकामं भांडं, तोंड पांढरं पडलेलं.

"कुमुश, ती त्याच्याकडे बघते."

"कोण, कोणाकडे?"

"सवत. उच्कुनकडे. डोळ्यांवरची टोपी काढली असली आणि तो समोरून गेला की मान फिरवते. कोल्ह्याकडे बघते तशी."

"एजे, तू तर ढगाकडे बघूनही घाबरतेस."

"तो आत्ता पाणी प्यायला चालला होता. मागचा पाय लटपटला, पडला तो. तिने पंख उघडले आणि झेप घेतली, कुमुश! पायात दोरी होती म्हणून."

मी हसत हसतच बघायला गेले. उच्कुन अंगणात उभा होता, शेपटी हलवत. माझ्याकडे यायला निघाला आणि पुन्हा अडखळला. सवतीची मान फिरली. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, मानेच्या जरा मागे, आणि पायांखालचं लाकूड आवळत होती. माझ्या डोळ्यांपुढे शिकारीचा डोंगर आला. अशक्त, लटपटणारं, कोल्ह्याच्या रंगाचं काहीतरी पांढऱ्या बर्फावर. अंगणात दोरी होती. डोंगरावर दोरी नसते.

एजेने नवऱ्याला सांगून पाहिलं. थोरले खो खो हसले. "पिल्लू असल्यापासून ओळखते ती त्याला. तुम्हा बायकांना गरुडाच्या डोळ्यांत काय काय दिसतं!"

त्याच आठवड्यात मेंढ्यांना टोचायला जनावरांचा डॉक्टर आला. एजे उच्कुनला गळ्याला धरून त्याच्यापुढे घेऊन गेली. त्याने डोळे पाहिले, दात पाहिले, पोट दाबलं, जंताची गोळी दिली. म्हणाला, "आजार काही नाही, आजी. याला पोटभर मिळत नाही. जेवढं खातो त्याच्या दुप्पट पळतो." मग शहरात मिळणाऱ्या कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्याचं नाव सांगितलं आणि भावही सांगितला. त्या भावात आमच्या घरची माणसं जेवतात. एजेचं तोंड पाहून तोच म्हणाला, "मग घरचं द्या. पण कच्चं फुप्फुस, कच्चं काळीज देऊ नका, त्यानेच जंत होतात. शिजवून द्या. एकदम भरू नका, थोडं थोडं द्या. आणि भरल्या पोटी पळू देऊ नका, पोटाला पीळ पडून मरेल."

घरचं द्या म्हणणं सोपं होतं. घरी मांस यायचं ते सवतीसाठी. आम्हीच पाव आणि चहावर दिवस काढत होतो.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर एजे सवतीच्या मांसाच्या बादलीपुढे बसलेली. हात पाण्यात, पण पिळत नव्हती.

"कुमुश, यातला कस जातो कुठे?"

"पाण्यात."

"आणि पाणी?"

आम्ही दोघींनी कुंपणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे खाजरं तण माणसाच्या छातीएवढं वाढलं होतं.

"तणाला खाऊ घालतेय मी," एजे म्हणाली. "इतकी वर्षं."

तेव्हापासून ते पाणी झाकून माझ्या गोठ्यात यायला लागलं. त्यात भरडलेले जव टाकून मी चांगले तासभर शिजवायचे. कुणाकडे पाहुण्यांसाठी मेंढी कापली की मी फुप्फुस मागून आणायची, तेही त्यात उकळायचं. "कुमुश, तुझ्या घरी खाणारं कोण वाढलं गं?" बायका विचारायच्या. "माझा नवरा," मी सांगायची. लोणी काढल्यावरचं ताक, कधी एखादं अंडं, आणि वर मेंढीच्या शेपटीची चरबी.

चरबीनेच घात केला. पहिल्या दिवशी एजेने मायेपोटी मूठभर घातली. उच्कुनने भांडंसुद्धा चाटून लख्ख केलं आणि मग जुलाब सुरू झाले. जे काही अंगावर होतं तेही गेलं. दोन दिवस तो गवतावर आडवा पडून होता, आणि एजे त्याच्याजवळ बसून हमसून हमसून रडत होती. "सवतीने नाही, मीच मारला याला." मला वाटलं, खरंच मारला. मी तिला तसं म्हटलं नाही, एवढंच.

पण तो उठला. मग आम्ही नुसत्या जवाच्या पातळ पेजेपासून पुन्हा सुरुवात केली. चरबी अंगठ्याच्या पेराएवढी, आठवडाभर तेवढीच, मग जराशी जास्त. सकाळी उजाडायच्या आधी थोडं, डोंगरावरून आल्यावर तासभर विसावा घेऊन झाल्यावर थोडं, संध्याकाळी थोडं. खाऊन झालं की एजे त्याला आपल्या पायाशी बांधून लोकर कातत बसायची, म्हणजे कावळ्यांचा नाद सुटून तो झोपायचा. आणि रोज डोळे मिटून त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायची. मग स्वतःची मूठ आवळून पेरं चाचपायची. "अजून मुठीसारखा लागतो," म्हणायची. "उघड्या हाताची पाठ कशी लागते? हाडं कळतात, पण वर काहीतरी असतं. तसा व्हायला हवा."

समोरच्या डोंगरावर बर्फाची रेघ रोज खाली सरकत होती. एजे उठल्या उठल्या तिकडे बघायची आणि मग कुत्र्याकडे. मलाही तीच खोड लागली. माझं त्या कुत्र्यावर काही प्रेम नव्हतं, माझ्या कोंबड्या खाल्ल्यात त्याने. पण हातांनी शिजवून घातलं की माणूस अडकतो.

बर्फ पडला तेव्हा एजे म्हणाली, "हाताची पाठ अजून झाली नाही. जवळ आलीय." थोरल्यांनी घोड्यावर खोगीर टाकलं, सवतीला हातावर घेतलं, शीळ घातली. उच्कुन उड्या मारत गेला. एजेने त्याला अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

आम्ही दोघी गवताच्या गंजीवर चढलो. समोरचा उतार तिथून सगळा दिसतो. वर कड्यावर घोडा, खाली बर्फावर एक पिवळा ठिपका पळतोय. मग खडकांतून दुसरा ठिपका निघाला, त्याच रंगाचा. एक पुढे, एक मागे. एजेने माझं मनगट धरलं.

"कोणता आपला?"

"मागचा."

"मागचाच ना?"

कड्यावरून काळी सावली सुटली. अशी खाली आली की मला ओरडताही आलं नाही. पुढचा ठिपका खडकात शिरून नाहीसा झाला. सावली बर्फावर पडली आणि मागचा ठिपका तिच्याखाली गेला. थोरले घोड्यावरून उडी टाकून खाली धावताना दिसले. एजेची नखं माझ्या मनगटात रुतली होती आणि ती तोंडाने श्वास घेत होती.

बऱ्याच वेळाने थोरले पायी खाली येताना दिसले. एका हातावर सवत, डोळ्यांवर टोपी घातलेली. दुसऱ्या हातात लगाम. खोगिरावर आडवं काहीतरी, त्यांच्या कोटात गुंडाळलेलं. हलत नव्हतं. मी देवाचं नाव घेत होते आणि एजे गंजीवरून घसरत, पडत, अनवाणी बर्फातून त्यांच्याकडे धावत सुटली होती. त्या सवतीच्या पंखाला खांदा घासून ती खोगिराशी पोचली. तिला ते कळलंही नाही.

कोटातून शेपटी हलली.

घरात आणून थोरल्यांनी त्याला चुलीपाशी ठेवलं. पाठीवर नखांची भोकं होती, खोल, रक्ताने भरलेली. त्यांनी मिठाच्या पाण्याने ती धुतली, मग बोटांनी आजूबाजूला चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"नख बरगडीपर्यंत पोचलंच नाही," ते म्हणाले. "मांसात अडकलंय. पूर्वीसारखा असता तर आरपार गेलं असतं." मग त्यांनी मान वर केली. "हा भरला कधी?"

"मी भरवला," एजे म्हणाली. "तुमच्या गरुडाच्या पाण्यावर."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. मी भिते म्हणून सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

थोरले हसले नाहीत. उंबऱ्यावर बसले. "मी हाका मारल्या तिला," ते म्हणाले. "मांस दाखवलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ओळखलंच नाही तिने."

डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन गेले तर अंगणात थोरले बादलीपुढे उकिडवे बसलेले, बाह्या वर करून सवतीचं मांस पिळत होते. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत होते. ते उठले आणि लाल पाण्याची बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले.

"एवढ्या पाण्यात होईल का त्याचं?" त्यांनी बायकोला विचारलं. "की अजून एकदा पिळू?"

"होईल," एजे म्हणाली आणि बादली धरली. तिचे हात थरथरत होते, त्यांचेही. अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं. उच्कुन पट्टी बांधलेल्या पाठीने कण्हत उठला आणि ते चाटायला लागला.

आता त्या घरात सवतीला दोघं घाबरतात. अंगणातून जाताना थोरले कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घेऊन चालतात, म्हणजे मधे आपण असावं. मी माझ्या दारातून ते बघते, आणि मला हसू येत नाही.