दाजीबुवांचं रीळ

आधीच सांगतो, माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी पिंपळ, हडळ, पांढरी साडी सुरू केलं की मी उठून चहा सांगायला जायचो. यंत्रात बिघाड असतो आणि बिघाडाला कारण असतं, एवढंच माझं अध्यात्म. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही... मीही हसलोच असतो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. नागपुरात लकडगंजला माझ्या मामांची लाकडाची वखार होती, मी तिथेच कामाला. मामांना शौक दोन – गाणं आणि यंत्रं. त्यांनी मुंबईहून छोटा सिनेमा-कॅमेरा आणि चित्र दाखवायचं मशीन मागवलं होतं. आवाज नाही, नुसतं चित्र. ते चालवायचं काम माझ्याकडे.

मामांच्या बैठकीत दर महिन्याला दाजीबुवा वाजवायला येत. वाद्य चेलो! कामठीच्या छावणीतली एक गोरी पलटण परत गेली तेव्हा बँडचं सामान लिलावात निघालं, त्यात बुवांनी तो घेतला. उभं केलं तर माणसाच्या छातीपर्यंत येणारं व्हायोलिन समजा. त्याचा खालचा लोखंडी खुंटा आमच्याच वखारीत कापून घेतला आणि बुवा गादीवर मांडी घालून त्यावर दरबारी वाजवायला लागले. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांचा दरबारीतला गांधार लागला की मीही गप्प बसायचो. माणूस मात्र अत्यंत खडूस.

वाजवताना बुवा डाव्या हातावर उपरणं टाकत. बोटं कुठे पडतात, कशी घसरतात, ते कुणाला दिसू नये म्हणून. शिष्य कुणी टिकला नाही. घरात एकच मुलगी, वत्सला. गज धरायला तिला शिकवलं, राग शिकवले, पण डावा हात नाही. मुलगी परक्या घरी जाणार, हात घेऊन जाईल म्हणे. बरं, सेवेला कोण म्हणून तिचं लग्नही केलं नाही. चाळिशीला आली बिचारी, तरी बापाच्या लेखी परकीच.

मामांनी एकदा फार गळ घालून बुवांना कॅमेऱ्यापुढे उपरणं काढायला लावलं. बुवा म्हणाले, "त्या डब्याले काय समजते? काढतो. पण वत्सीले दाखवायचं नाही." मामा हो म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात बुवा गेले.

दिवस होऊन गेल्यावर वत्सलाबाई वखारीत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, बाबाचा गांधार माह्या कानात हाय, पण बोटात नाही. एक डाव ते चित्र दाखवा. दुसरं काही मागत नाही मी." मामा साल-लाकडाच्या लिलावाला बालाघाटकडे गेले होते. मेलेल्या माणसाच्या हट्टाला काय धरून बसायचं, असं मला वाटलं. दुपारी बैठकीच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, भिंतीला धोतर लावलं आणि रीळ सुरू केलं. त्या चेलो घेऊनच बसल्या होत्या.

बुवा दिसले. डावा हात उघडा, बोटं स्वच्छ. हे मी दहा वेळा तरी पाहिलं होतं.

"हातावर उपरणं हाय न," त्या म्हणाल्या.

"नाही जी. बोटं तर साफ दिसून राहिले."

"कुठं? मले काहून दिसत नाही मग?"

पुन्हा लावलं. तेच. रीळ काढून पट्टी उजेडात धरली, भिंग दिलं. एकाच चित्रात मला उघडा हात, त्यांना उपरणं, त्याची किनारसुद्धा सांगितली त्यांनी. मी चरकलो. मग बुवांचा असा राग आला की काय सांगू... मेल्यावरही झाकतो हा माणूस!

मी माझी बोटं तारांवर ठेवून दाखवायला गेलो, पण माझा हात म्हणजे लाकडावर आरा ओढणाऱ्याचा. शेवटी त्या म्हणाल्या, "जरा थांबवून ठेवा चित्र."

मी सांगितलं, थांबवलं तर दिव्यानं फिल्म जळते. हे एकच रीळ आहे, दुसरी प्रत नाही.

"जळू द्या."

मी थांबवलं. भिंतीवर डाग पडला, तांबूस, मग काळा, कडा उकळल्यासारख्या फुगल्या. मला दिसत होती ती बुवांची बोटं करपताना. आणि वत्सलाबाई एकदम पुढे सरकल्या. "उपरणं जळलं... दिसला हात. तिसरं बोट हाय ते, नखापासी दाबलेलं." आणि अंधारात त्यांनी तारेवर बोट ठेवलं.

दोन दुपारी आम्ही हेच केलं. चित्र थांबवायचं, जाळायचं, जळका तुकडा कात्रीनं काढून पट्टी सांधायची, पुढचं चित्र. क्षणभर दिसायचं तेवढ्यात त्या टिपून घ्यायच्या. बापाचा हात पुन्हा पुन्हा जळत होता आणि त्या म्हणत होत्या, "पुढं घ्या." दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांनी गांधार लावला. तोच. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, आनंदानं नाही.

बुवांच्या वर्षश्राद्धाच्या बैठकीत त्या वाजवायला बसल्या तेव्हा मामा रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रीळ मागितलं. मशीनमध्ये अडकून जळालं, असं मी सांगितलं. ते कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. उरलेले तुकडे मी ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवले. सगळ्यांना हात उघडाच दिसतो. वत्सलाबाईंनाच तो का दिसला नाही, आणि जळतानाच का दिसला, याचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

एक मात्र सांगायचं टाळत होतो. रिळाच्या शेवटी मामांनी कॅमेरा वर नेला होता, नुसत्या चेहऱ्यावर. वाजवून झालेलं, बुवा चक्क हसतायत. आयुष्यात एवढंच मी त्यांना हसताना पाहिलं.

त्या दुसऱ्या दुपारी गांधार लागून गेला होता, रीळ पुढे चालूच होतं. वत्सलाबाईंनी गज खाली ठेवला.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

"इथं हात नाही दिसत, बाई. काहून थांबवू?"

"माहीत हाय मले. थांबवा."

मी थांबवलं. बुवांचा चेहरा मधोमध काळा पडला, भोक मोठं होत कानापर्यंत गेलं. त्या मांडी घालून शेवटपर्यंत बघत बसल्या. मग म्हणाल्या, "झालं. आता खिडक्या उघडा, भाऊ."